घरातले कुटुंब आणि कार्यालयातले 'कुटुंब'

कंपनीचा वर्धापनदिन असो की नव्याने रुजू झालेल्या तरुणांचे स्वागत, व्यासपीठावरून एक वाक्य हमखास उच्चारले जाते : 'आपण सारे एक कुटुंब आहोत.' टाळ्या पडतात, केक कापला जातो, कंपनीचे नाव छापलेले टी-शर्ट वाटले जातात. त्याच आठवड्यात त्या 'कुटुंबा'तील एखाद्याचे वडील रुग्णालयात दाखल झाले आणि त्याने तीन दिवसांची रजा मागितली, की 'काम ऐन भरात असताना रजा कशी मागवते?' हा प्रश्न त्याला ऐकावा लागतो. रजा त्याच्या खात्यावर शिल्लक असते, ती घेण्याचा अधिकार नियुक्तिपत्रात लिहिलेला असतो. तरीही ती मागताना त्याचा आवाज अपराध्यासारखा खाली जातो.

कुटुंब म्हणजे काय, हे या समाजाला परदेशी व्यवस्थापनशास्त्राने शिकवण्याची गरज नाही. पाहुणे, आप्त आणि भृत्य म्हणजे घरातले चाकर यांची जेवणे झाल्यावर उरलेले अन्न गृहस्थाने घ्यावे, असे आपल्या धर्मशास्त्राचे सांगणे आहे. ज्याच्या हाती कारभार, त्याचे ताट शेवटी. कुटुंबातला अधिकार हा असा जबाबदारीच्या ओझ्यासह येतो. कार्यालयांनी यातला शब्द तेवढा उचलला आणि अर्थ उलटा केला. तेथे 'कुटुंब' म्हणजे खालच्याने वरच्यासाठी करावयाचा त्याग. उत्पन्न घटले की पहिला निरोप धाकट्यांना जातो, तोही ई-मेलने. दुपारपर्यंत त्यांचे संगणक बंद झालेले असतात. दुष्काळ पडला म्हणून धाकट्या भावंडांना उंबरठ्याबाहेर काढणारे घर कोणी पाहिले आहे काय?

वार्षिक मूल्यमापनाचीच गोष्ट घ्या. अनेक मोठ्या कंपन्यांनी 'बेल कर्व्ह' नावाची पद्धत वर्षानुवर्षे चालवली. एखाद्या गटातील दहाही जणांनी उत्तम काम केले असले, तरी त्यांतल्या ठरावीक जणांनाच 'उत्कृष्ट' म्हणायचे आणि कोणाला तरी 'अपेक्षेपेक्षा कमी' या खान्यात बसवायचे, हा तिचा गाभा. गटप्रमुखाला ते पटत नसले, तरी वरून आलेले गणित जुळवावेच लागते. काही कंपन्यांनी आता ती सोडली, काहींनी नाव बदलून तीच ठेवली. दरवर्षी मार्चमध्ये आपल्या एका लेकराला नियमाने नापास ठरवणाऱ्या व्यवस्थेने स्वतःस कुटुंब म्हणवून घ्यावे, हा शब्दांचा व्यभिचार आहे. आणि याच पद्धतीने शेजारच्या खुर्चीतील मित्राला प्रतिस्पर्धी करून सोडल्यावर, 'संघभावना' वाढावी म्हणून त्याच लोकांना लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेऊन दोरी ओढायला लावायची!

जुलै २०२४ मध्ये पुण्यात जे घडले, त्याने या भाषेमागचे वास्तव उघडे केले. एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेच्या पुण्यातील कार्यालयात रुजू होऊन चार महिनेच झालेली एक तरुण सनदी लेखापाल मुलगी मृत्युमुखी पडली. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातील प्रमुखांना पत्र लिहिले. कामाचे न संपणारे ओझे, रात्री उशिरापर्यंतचे काम, सुटीच्या दिवशीही आलेली कामे, हे सारे त्या पत्रात होते. मुलीच्या अंत्यसंस्काराला कार्यालयातून एकही माणूस आला नाही, हेही होते. कामाच्या ताणाने मृत्यू ओढवला, हे कंपनीने नाकारले आणि वैद्यकीयदृष्ट्या त्याचा निवाडा कोणी दूरस्थाने करू नये. परंतु अंत्यसंस्काराला कोणी न येण्याला कोणत्या वैद्यकीय पुराव्याची आवश्यकता आहे? महाराष्ट्रात वैरी असला तरी माणूस अंत्ययात्रेला जातो.

यानंतर राज्याच्या कामगार विभागाच्या पाहणीत जे आढळले, ते अधिक गंभीर होते. २००७ पासून चालणाऱ्या या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज केला गेला आणि इतकी वर्षे नोंदणी का केली नाही, या कारणावरून विभागाने तो नाकारला, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका शोधणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या दारावर हा मूलभूत कागद नसावा! कोपऱ्यावरच्या वाण्याने आपले 'शॉप ॲक्ट'चे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत घालून गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलेले असते. आणि अर्ज येईपर्यंत सतरा वर्षे त्या कार्यालयाकडे एकदाही वळून न पाहणाऱ्या शासकीय यंत्रणेबद्दल काय म्हणावे?

जपानचा अर्धा धडा

एकीकडे हे घडत असता उद्योगविश्वातील ज्येष्ठ मंडळी तरुणांना काय सांगत होती? 'इन्फोसिस'चे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे आवाहन केले. महायुद्धानंतर जपान आणि जर्मनीने हेच केले, असा त्यांचा दाखला होता. जानेवारी २०२५ मध्ये 'लार्सन अँड टुब्रो'चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे उद्गार प्रसिद्ध झाले. ९० तास काम व्हावे, रविवारी काम करून घेता येत नाही याची खंत वाटते आणि घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ पाहणार, असा त्यांचा सूर होता. टीका झाल्यावर कंपनीने राष्ट्रउभारणीची ढाल पुढे केली.

नव्वद तासांचा हिशेब मांडून पाहावा. सहा दिवसांत ते करायचे तर दररोज पंधरा तास. कोथरूडहून हिंजवडीला जाण्यायेण्यातले दोन तास धरले की सतरा. उरलेल्या सातांत झोप, आंघोळ, जेवण, आईवडील, मुले आणि देवाला हात जोडणे. ज्या पत्नीच्या तोंडाकडे पाहण्याची थट्टा झाली, ती नसेल तर या माणसाला दुसऱ्या दिवशी घालायला धुतलेला सदराही मिळणार नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकामात स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८. एका माणसाचे नव्वद तास हे असे दुसऱ्या माणसाच्या नोंद न झालेल्या तासांवर उभे असतात. शिवाय ही अपेक्षा कोण कोणाकडून करतो, तेही पाहावे. २०२३-२४ च्या वार्षिक अहवालानुसार या अध्यक्षमहोदयांचे वेतन कंपनीतील कर्मचाऱ्याच्या मध्यक वेतनाच्या पाचशेपटींहून अधिक होते. एवढा मोबदला मिळत असेल तर रविवारी कचेरीत यावेसे वाटणे नवलाचे नाही.

आता जपान. जपानी माणसाने उद्ध्वस्त देश उभा केला, हे खरेच आहे. परंतु त्याच जपानी भाषेत 'करोशी' म्हणजे अतिश्रमाने येणारा मृत्यू असा एक शब्द जन्माला आला, हे सांगायचे राहून जाते. तेथे अशा मृत्यूंची सरकारदरबारी गणती होते आणि त्यांबद्दल भरपाई दिली जाते. २०१४ मध्ये जपानी संसदेने अतिश्रमाचे मृत्यू रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानंतर २०१५ च्या नाताळात एका विख्यात जाहिरात कंपनीतील २४ वर्षांच्या मुलीने आत्महत्या केली, देश हादरला, कंपनीवर खटला होऊन दंड झाला. एप्रिल २०१९ पासून जादा कामावर महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा कायद्याने आली. ज्या देशाने हा मार्ग चालून पाहिला आणि वाटेत आपली मुले गमावून पाऊल मागे घेतले, त्याचा केवळ पूर्वार्ध आपल्या तरुणांना ऐकवणे हा प्रामाणिकपणा नव्हे. जर्मनीची कथा तर आणखी बोलकी आहे. तेथील कामगार आज वर्षाला सरासरी सुमारे १,३४० तास काम करतो आणि हे प्रमाण औद्योगिक देशांतील सर्वांत कमी प्रमाणांपैकी आहे. म्हणून जर्मन यंत्रे बिघडू लागल्याचे ऐकिवात नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसले. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामाशी निगडित मृत्यूंचा अंदाज ७ लाख ४५ हजार होता. परदेशी संस्थांचे आकडे नकोत, असे कोणी म्हणेल, तर जानेवारी २०२५ अखेरीस आपल्याच संसदेत मांडलेली आर्थिक पाहणी उघडावी. साठ तासांहून अधिक काम आरोग्यास बाधक ठरू शकते, असा अभ्यासांचा हवाला तीतही आहे.

राष्ट्रउभारणीचेच म्हणाल तर त्याचे दाखले आणायला टोकियोला जाण्याची आवश्यकता नव्हती. शिवछत्रपतींच्या लष्कराची व्यवस्था सभासदाच्या बखरीत नोंदलेली आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला येई आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर पडे. लोक परतण्यापूर्वी दाणावैरण, औषधे, माणसांसाठी व घोड्यांसाठी शाकारलेली घरे यांची तजवीज झालेली असे. चारी दिशांनी शत्रू उभे असताना स्वराज्याच्या राजाला विसावा हा आळस वाटला नाही, तो मोहिमेचाच भाग वाटला. उद्योगपतींमधला दाखला हवा असेल तर नागपूरला जावे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तेथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कामगार रोज येत नाहीत ही मोठी अडचण होती. दंड वाढवणे हा सोपा उपाय होता. त्याऐवजी गिरणीने हवा खेळती व दमट ठेवणारी यंत्रणा बसवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभारला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देणे सुरू केले. पुढे १९१२ मध्ये जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस आला. यांपैकी काहीही कायद्याच्या सक्तीने केलेले नव्हते. ज्याला राष्ट्र उभारायचे होते त्याने माणसे टिकवली.

आणि ज्या रविवारबद्दल खंत व्यक्त झाली, तो रविवार कोणाच्या कृपेने मिळालेला नाही. जोतिरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले आणि सहा वर्षांच्या चळवळीनंतर १० जून १८९० पासून गिरण्यांना साप्ताहिक सुटी मिळाली. खंडोबाचा वार म्हणून रविवार मागणारा तो कामगार होता. मुंबईत कारभार थाटलेल्यांना एवढा इतिहास माहीत असायला हरकत नव्हती.

योगदिन एक, उरलेले ३६४

कार्यालयातील वातावरण सुधारले पाहिजे, हे कंपन्यांनाही आता पटले आहे, असे दिसते. म्हणून २१ जूनला सामूहिक योग होतो, ध्यानाचे ॲप मोफत मिळते, भिंतीवर 'तुमचे मानसिक आरोग्य महत्त्वाचे' असा फलक लागतो आणि कँटीनमध्ये टेबल टेनिसचे टेबल येते. त्या टेबलावर दुपारी तीन वाजता खेळण्याचे धाडस कोण करतो, हे तेथील कोणालाही विचारावे. योगासनांनी पाठ सुधारेल. परंतु रात्री पावणेबाराला 'उद्या सकाळी नऊच्या आत हवे' असा संदेश पाठवणाऱ्या वरिष्ठाची वृत्ती त्यांनी सुधारत नाही, कारण योगवर्गाला तो आलेलाच नसतो.

कार्यसंस्कृती ही फलकांत राहत नाही. ती अगदी लहान गोष्टींत राहते आणि त्या गोष्टी फुकट आहेत. साहेब उठेपर्यंत हाताखालच्यांनी काम नसतानाही बसून राहायचे की नाही? बैठक पाच वाजता संपेल असे लिहिले असेल, तर ती पाचला संपते काय? कनिष्ठाने केलेला अहवाल वर जाताना त्यावर कोणाचे नाव असते? चूक झाली हे पहिल्याच तासाला सांगणाऱ्या माणसाला शाबासकी मिळते की शिव्या? हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. ज्या कचेरीत चूक कबूल करणाऱ्याची चारचौघांत अब्रू काढली जाते, तेथे चुका थांबत नाहीत, त्या लपतात. लपलेली चूक बँकेत असेल तर लेखापरीक्षणाच्या वेळी बाहेर पडते, औषधाच्या कारखान्यात असेल तर रुग्णाच्या अंगात. आपल्या चढ्या आवाजाला 'शिस्त' समजणाऱ्या साहेबाला या शिस्तीची किंमत कधीच कळत नाही, कारण वाईट बातमी त्याच्यापर्यंत पोहोचेनाशी झालेली असते.

कायदाही अगदीच मुका नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या आस्थापना कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. जादा कामाला दुप्पट वेतन हे तत्त्व जुन्यातही होते, नव्यातही आहे. पण व्यवस्थापकीय, गोपनीय आणि देखरेखीच्या पदांना २०१७ च्या कायद्याने वगळले आणि त्या फटीतून सारा आयटी उद्योग सुखेनैव आरपार गेला. तेविसाव्या वर्षी मुलाला 'असिस्टंट मॅनेजर' अशी पदवी मिळते, घरचे पेढे वाटतात. त्या पदवीने त्याचे जादा कामाचे वेतन गेले, हे पेढे खाणाऱ्यांना ठाऊक नसते. तो कोणाचा 'मॅनेजर' आहे हे विचारले, तर त्याच्या हाताखाली एक लॅपटॉप असतो. कामाची वेळ संपल्यावर दूरध्वनी वा ई-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. फ्रान्समध्ये तशी तरतूद २०१७ पासून आहे. विधेयक विरोधी बाकांवरून आले, एवढ्यासाठी ते वाचूच नये, असे नाही.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ताणाची तक्रार करणारा प्रत्येक जण कामसू असतोच असे नाही. सकाळी टेबलावर रुमाल टाकून खुर्ची 'भरलेली' ठेवणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला आणि त्या बदल्यात दिवसाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी वाढवली. शनिवार सर्वांनी आनंदाने घेतला. सव्वासहाला किती खुर्च्या भरलेल्या असतात, हे नागरिकांना माहीत आहे. कामाच्या वेळेत कामच करायचे, हा निरोगी कार्यसंस्कृतीचा पहिला नियम आहे. ती वेळ संपल्यावर माणसाला मोकळे सोडायचे, हा दुसरा. एकानेही दुसऱ्याच्या अपराधाचे भांडवल करून आपला नियम मोडू नये.

'घरातली गोष्ट घरातच'

'कुटुंब' या शब्दाचा सर्वांत वाईट उपयोग होतो तो स्त्रीच्या तक्रारीच्या वेळी. विशाखा प्रकरणाचा निकाल १९९७ चा. कायदा २०१३ चा. दहा वा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष ज्येष्ठ महिला हवी, एक सदस्य बाहेरचा हवा, चौकशी नव्वद दिवसांत संपावी, इतके स्पष्ट लिहिलेले आहे. मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीतील त्रुटींवर कठोर भाष्य केले. देशातील तीस राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी सोळांत समितीच नव्हती, ही वृत्तपत्रातील माहिती न्यायालयाने निकालपत्रात नमूद केली. समिती कागदावर असते तेथेही तक्रार घेऊन आलेल्या मुलीला आधी समजावले जाते : साहेबांना घरदार आहे, संस्थेचे नाव जाईल, घरातली गोष्ट घरातच मिटवू. ज्या घरात अपराध्याच्या अब्रूची काळजी आधी आणि लेकीच्या अब्रूची नंतर, त्या घराला घर कोणी म्हणावे?

आता थोडे आपल्याच अंगणात पाहायला हवे. मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींवर बोट ठेवणे सोपे आहे. परंतु गावोगावच्या शिक्षणसंस्था, नागरी पतसंस्था, रुग्णालये, वसतिगृहे, ध्येयवादी नियतकालिके, यांतून राबणाऱ्या शिक्षिकेची, लिपिकाची, परिचारिकेची आणि शिपायाची स्थिती काय आहे? तेथे नव्वद तासांचे भाषण कोणी करत नाही. तेथे 'सेवाभाव' हा एकच शब्द पुरतो. सुटीच्या दिवशी वर्गणी गोळा करायला जा, सेवाभावाने. संचालकांच्या मुलाच्या लग्नात वाढायला उभे राहा, सेवाभावाने. पगाराला महिना उलटून वीस दिवस झाले, तर विचारू नका. तो सेवाभावाचा अभाव.

स्वयंसेवक आणि कर्मचारी यांतला भेद ज्यांना सर्वांत नीट कळायला हवा, त्यांनीच तो पुसून टाकावा, हे दुर्दैव आहे. स्वयंसेवक आपला वेळ देतो. तो आपल्या संसाराची सोय लावून, स्वतःच्या इच्छेने देतो आणि एखाद्या दिवशी 'आज जमणार नाही' असे ताठ मानेने सांगू शकतो. त्याच्या सेवेला मोल आहे ते ती नाकारण्याची त्याला मोकळीक आहे म्हणून. कर्मचाऱ्याने आपला वेळ ठरलेल्या वेतनाला विकलेला असतो. त्याच्या उरलेल्या वेळेवर हात टाकायचा आणि त्याला सेवा म्हणायचे, हे दुसऱ्याच्या खिशातून दान करण्यासारखे आहे. दान घेणारा पुण्यवान आणि देणारा नाइलाजाने गप्प, असा हा व्यवहार.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भोपाळला भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा उद्योगाकडे वर्गयुद्धाची रणभूमी म्हणून पाहण्याचे नाकारून त्यांनी औद्योगिक परिवाराची कल्पना मांडली. १ मेऐवजी विश्वकर्मा जयंती श्रमिकांचा दिन म्हणून स्वीकारली. देशाच्या हितासाठी काम करू आणि केलेल्या कामाचे पूर्ण दाम घेऊ, ही त्या संघटनेची घोषणा सर्वांना पाठ आहे. तिला दोन पाय आहेत. संस्थाचालकांच्या भाषणांत मात्र ती नेमकी पहिल्या पायावर उभी असते. ठेंगडींनी कल्पिलेल्या परिवारात कामगार हा सहभागी होता, उपकृत नव्हता. आज त्यांचे छायाचित्र भिंतीवर आणि खाली भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता थकलेला, असे दृश्य ज्या कार्यालयात असेल, तेथे छायाचित्र उतरवून ठेवणे अधिक सभ्यपणाचे होईल.

पॅकेजचे घर

या साऱ्यात घरांचा वाटा नाही, असे म्हणता येणार नाही. कंपनी माणसाला राबवते हे खरे. पण राबून घेण्यासाठी त्याला दररोज सकाळी डबा देऊन पाठवणारे घरही असते. लग्नाच्या बैठकीत मुलाचे पॅकेज विचारले जाते. तो घरी किती वाजता येतो, हे विचारणारा वधुपिता विरळा. मुलगा म्हणतो, आता सहन होत नाही, नोकरी बदलतो. वडील म्हणतात, एवढे सगळीकडे असतेच, आम्ही नाही का काढली तीस वर्षे? वडिलांनी तीस वर्षे काढली ती बँकेत, आयुर्विम्यात किंवा वीज मंडळात. तेथे युनियन होती, साडेपाचला दप्तर मिटत होते, ठरलेली लोकल पकडून ते सातच्या आत घरात होते आणि मुलाचा पाढा घेत होते. साहेब रागावला तर तो कचेरीतच रागावत असे. त्याला त्यांच्या स्वयंपाकघरात, देवघरात आणि बिछान्यापर्यंत येण्याचे साधन नव्हते. मुलाच्या खिशात ते साधन चोवीस तास वाजत असते. दोन्ही नोकऱ्यांना एकच माप लावणारा बाप निष्ठुर नसतो, त्याला दुसरी नोकरी दिसलेलीच नसते. पण घराचा हप्ता वीस वर्षांचा आणि तो मुलाच्या एकट्याच्या पगारावर बेतलेला, हे गणित त्यानेच आग्रहाने मांडलेले असते आणि मुलाला 'नाही' म्हणता येऊ नये, याची व्यवस्था कंपनीच्या आधी त्या गणिताने करून ठेवलेली असते.

कंपन्यांच्या काचेआड सर्वसामान्य वाचकाचा हात पोहोचत नाही. परंतु पतसंस्थेचा सभासद, शिक्षणसंस्थेचा आजीव सभासद, रुग्णालयाच्या न्यासाचा विश्वस्त किंवा हितचिंतक म्हणून यांतील बहुतेकांचा कोठे ना कोठे संबंध असतो. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. दरवर्षी तेथे लाभांश किती, यावर तासभर चर्चा होते आणि चहा-वडा घेऊन मंडळी घरी जातात. गेल्या वर्षी किती कर्मचारी सोडून गेले व का, पगार कोणत्या तारखेला झाले, महिलांच्या तक्रारींसाठी समिती आहे काय आणि तिच्यावर बाहेरची सदस्य कोण, भविष्यनिर्वाह निधी भरल्याची पावती दाखवाल काय, हे चार प्रश्न विचारायला पाच मिनिटे पुरतात. त्यांसाठी वेगळी नोटीसही लागत नाही. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय, असा एक रकाना प्रत्येक विषयपत्रिकेच्या तळाशी छापलेला असतो आणि वर्षानुवर्षे तो कोराच जातो.